तीस मिनिटांतली भूमिका

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई परीक्षेत लेखनाचा विभाग सर्वांत आधी येतो. स्क्रीनवर एक विधान उमटते, त्याखाली काय लिहायचे याची सूचना असते आणि तीस मिनिटांचे घड्याळ उलटे चालू लागते. लिहिण्याची सोय अगदी साधी असते. टाइप करता येते, खोडता येते, मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवता येतो, केलेला बदल मागे घेता येतो. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मात्र उमटत नाही. विधान शिक्षण, सत्ता, तंत्रज्ञान, परंपरा अशा कुठल्यातरी सर्वांच्या ओळखीच्या विषयावरचे असते आणि त्याची घडण अशी असते की पहिल्यांदा वाचताना मान डोलवावीशी वाटते आणि दुसऱ्यांदा वाचताना कुठेतरी अडखळायला होते. ते विधान या अडखळण्यासाठीच तिथे ठेवलेले असते असे मी मानते, आणि जो परीक्षार्थी ते अडखळणे टाळून थेट लिहायला लागतो, त्याच्या हातून या परीक्षेतला सर्वांत मोलाचा भाग निसटतो.

मी स्वतः ही परीक्षा दिली आहे आणि त्यानंतर तिची तयारी करणाऱ्या अनेकांचे सरावाचे निबंध वाचत आले आहे. त्या निबंधांत मला सर्वांत जास्त काय दिसते, तर नमनाला घडाभर तेल. मानवजातीच्या आरंभापासून अमुक प्रश्न माणसाला भेडसावत आला आहे, आजच्या वेगवान युगात त्याला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे, याविषयी मतमतांतरे आहेत आणि प्रस्तुत निबंधात दोन्ही बाजूंचा विचार केला जाईल. अशा चार वाक्यांत पाच मिनिटे जातात आणि ती चारही वाक्ये कोणत्याही विषयाच्या डोक्यावर तशीच्या तशी बसवता येतात. त्यानंतर अनुकूल मुद्द्यांचे दोन परिच्छेद, प्रतिकूल मुद्द्याचा एक परिच्छेद आणि शेवटी ‘दोहोंत समतोल साधला पाहिजे’ हे वाक्य. लिहिणारी व्यक्ती हुशार असते, वाचन असते, भाषाही बरी असते, तरी निबंध वाचून संपल्यावर या व्यक्तीचे म्हणणे काय होते ते सांगता येत नाही, कारण तिने दोन्ही डगरींवर हात ठेवलेला असतो.

परीक्षेची सूचना याहून नेमके काही मागते. विधानाशी आपण कोणत्या मर्यादेपर्यंत सहमत किंवा असहमत आहात ते सांगा, त्याची कारणे द्या, आणि ते विधान कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल व कोणत्या परिस्थितीत ठरणार नाही याचा विचार करा, असे त्या सूचनेच्या सर्वांत परिचित रूपात सांगितलेले असते. म्हणजे पसंतीची बाजू निवडणे हे काम नाही आणि दोन्ही बाजूंचे माप सारखे भरणे हेही नाही. एखादे म्हणणे कुठवर खरे आहे आणि कोणत्या ठिकाणी ते खरे राहत नाही, ती सीमा शोधून तिच्यावर उभे राहायचे आहे. तीस मिनिटांत फार खोल विचार होत नाही हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो बऱ्याच अंशी मान्यही आहे. पण ही एक गोष्ट तीस मिनिटांत होऊ शकते, आणि ती करायला शिकणे हे परीक्षेच्या गुणांपेक्षा फार मोठे शिक्षण आहे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

एक उदाहरण सविस्तर घेते. सरावासाठी मी तयार केलेले एक विधान असे आहे: ‘समाजापुढील कठीण प्रश्नांचे निर्णय त्या त्या विषयातील तज्ज्ञांवरच सोपवावेत.’ पहिल्या मिनिटात मन सहमतीकडे झुकते. पूल किती भार पेलेल हे मतदानाने ठरत नाही आणि औषधाची मात्रा बहुमताने ठरवू नये. दुसऱ्या मिनिटात उलटा मुद्दा सुचतो, तज्ज्ञही चुकतात. बहुतेक निबंध इथेच थांबतात आणि लिहायला सुरुवात होते. मी मात्र इथे आणखी तीन-चार मिनिटे थांबायला सांगते, कारण ‘तज्ज्ञ बरोबर असतात’ आणि ‘तज्ज्ञ चुकतात’ ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवल्याने विचार पुढे सरकत नाही. पुढे सरकायचे तर विधानातच हात घालावा लागतो. कठीण प्रश्न म्हणजे कोणत्या जातीचे प्रश्न? नदीवर धरण बांधले तर पाणी कुठवर चढेल, हा एक प्रश्न. त्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांची किंमत शहराच्या तहानेपुढे किती मानायची, हा दुसरा. पहिला प्रश्न मोजण्याचा आहे आणि दुसरा निवडण्याचा. पहिल्यात जलशास्त्राचा अभ्यासक माझ्याहून फार पुढे आहे. दुसऱ्यात त्याचे मत त्या गावातल्या शेतकऱ्याच्या मताहून जड का असावे, याचे कारण मला सापडत नाही. आता भूमिका आकाराला येते: काय घडेल आणि ते किती खात्रीने सांगता येते हे तज्ज्ञांनी सांगावे, ते घडू द्यायचे की नाही हे ठरवण्यात ज्यांना त्याचे परिणाम भोगायचे आहेत त्यांचा वाटा असावा.

या भूमिकेला आता एखाद्या खऱ्या घटनेवर घासून पाहायचे. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जणांचा मृत्यू झाला. आदल्या रात्री, बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारी रॉकेटे, बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत उड्डाणाला विरोध केला होता. बूस्टरच्या जोडांमधील रबरी कड्या थंडीत कडक होतात आणि जोड नीट बंद करत नाहीत, म्हणून 53 अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअसपेक्षा, कमी तापमानात यान सोडू नये असे त्यांचे लेखी म्हणणे होते. उड्डाणाच्या वेळचे तापमान त्याहून पुष्कळ कमी, सुमारे 2 अंश सेल्सिअस होते. बैठकीत दबाव आला, कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसांत चर्चा करून शिफारस फिरवली, आणि उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत अभियंत्यांचा मूळ विरोध पोहोचलाच नाही, असे चौकशी आयोगाने नंतर नोंदवले.

निबंधात या घटनेचा सोपा उपयोग एका वाक्यात उरकतो: तज्ज्ञांचे ऐकले असते तर सात जीव वाचले असते. हे खरे आहे आणि एवढ्यावर परिच्छेद संपवता येतो. पण घटनेकडे थोडे अधिक जवळून पाहिले, तर ती आपल्याच भूमिकेला प्रश्न विचारू लागते. शिफारस फिरवणाऱ्यांपैकी एक जण स्वतः अभियांत्रिकी विभागाचा प्रमुख होता, आणि त्या चर्चेत त्याला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आले होते. म्हणजे मोजणारा आणि निवडणारा एकाच खुर्चीत बसलेला होता. मग ‘तज्ज्ञांनी सांगावे, इतरांनी ठरवावे’ अशी माणसांची विभागणी पुरत नाही. वेगळे ठेवायचे आहेत ते प्रश्न. जोड किती तापमानाला टिकेल हा प्रश्न वेळापत्रकाच्या सोयीने सोडवता येणार नाही, तो कोणीही सोडवला तरी. आणि मोजणीतून जे निघाले ते न झाकता, न गुळगुळीत करता, ठरवणाऱ्यापर्यंत गेलेच पाहिजे. पहिल्या मिनिटाला जी भूमिका होती, तिच्यापेक्षा ही भूमिका अरुंद आहे आणि म्हणूनच अधिक भक्कम आहे. तिच्यापर्यंत पोहोचायला सहा मिनिटे लागतात. उरलेल्या चोवीस मिनिटांत ती लिहून काढणे अवघड जात नाही, कारण काय लिहायचे हे आता ठाऊक असते.

एक उदाहरण असे उलगडून दाखवणे मला चार नावांच्या यादीपेक्षा नेहमीच मोलाचे वाटते. गॅलिलिओ, सेमेलवाइस, क्युरी आणि आइन्स्टाइन यांना एकाच वाक्यात उभे करणारे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांपैकी सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट एकटीच पूर्ण परिच्छेद पेलू शकते. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्याने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, आणि तरीही वैद्यक व्यवसायातील अनेकांनी त्याचे म्हणणे स्वीकारले नाही. मृत्यूचे कारण डॉक्टरांच्याच हातांवर आहे असे सांगणारा पुरावा डॉक्टरांना का पचला नाही, एवढा एकच प्रश्न विचारला, तरी तज्ज्ञांच्या अधिकाराबद्दल मांडण्यासारखे पुष्कळ काही हाती लागते. नुसते नाव घेतल्याने वाचन दिसते. विचार दिसत नाही.

गुणदानाची पद्धतही याला अनुकूल आहे, असे मला वाटते. निबंधाला 0 ते 6 या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने गुण मिळतात. एक प्रशिक्षित परीक्षक निबंध वाचतो, एक संगणक प्रणालीही त्याला गुण देते. दोघांचे गुण जुळते असले तर सरासरी धरली जाते आणि फार तफावत असली तर दुसरा परीक्षक वाचतो. सर्वोच्च गुणांच्या वर्णनात स्पष्ट आणि मर्मग्राही भूमिकेची अपेक्षा सर्वांत आधी येते. हा पहिलाच खर्डा आहे याची जाणीव ठेवून परीक्षकाने वाचायचे असते, त्यामुळे एखाददुसरा चुकलेला शब्द किंवा निसटलेला स्वल्पविराम निबंधाला बुडवत नाही.

तरीही साचे विकले जातात आणि पाठ केले जातात, आणि त्याला कारणे आहेत. 2005 मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेत पंचवीस मिनिटांचा निबंध सुरू झाला, तेव्हा एमआयटीत लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी गुण दिलेले नमुने तपासून दाखवले की निबंधाची लांबी आणि त्याला मिळालेले गुण यांचा संबंध फारच घट्ट आहे, आणि त्यातल्या तथ्यांच्या चुकांना शिक्षा होत नाही. पुढे 2014 मध्ये त्यांनी काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक संगणक प्रोग्रॅम तयार केला; त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त पण संपूर्ण निरर्थक निबंध रचत असे, आणि गुण देणाऱ्या संगणक प्रणाली त्याला चांगले गुण देत असत. एसएटीचा निबंध 2021 मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून निघून गेला. पेरेलमन यांची टीका मला पटते. यंत्राला फसवता येते, घाईत वाचणाऱ्या माणसालाही काही प्रमाणात फसवता येते. पण या टीकेतून ‘म्हणून साचाच पाठ करा’ असा सल्ला काढणारे मला मुळीच पटत नाहीत. साचा पाठ करणाऱ्याला कदाचित गुण मिळतील; मात्र तयारीचे ते दोन-तीन महिने, ज्यांत रोज एका नव्या प्रश्नावर स्वतःचे मत बनवण्याची संधी होती, ते भरताड शब्दांच्या पाठांतरात गेले, हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही.

हे दुखणे जुने आहे. चीनमधील शासकीय सेवेच्या परीक्षांत मिंग आणि चिंग राजवटींच्या काळात आठ अंगांचा निबंध लिहावा लागे. त्याची सुरुवात ‘विषय फोडण्या’ने होई: दिलेल्या वचनाचा गाभा दोन वाक्यांत उघडून दाखवायचा. पुढचे भाग ठरलेल्या क्रमाने, जोडीजोडीने, समांतर वाक्यरचनेत येत. मला तो सुरुवातीचा नियम मनापासून आवडतो. दोन वाक्यांत विषय फोडता येणे ही तयार मनाची खूण आहे. पण विषय ठरावीक ग्रंथांतूनच येत असल्याने नमुना निबंधांचे संग्रह छापले जाऊ लागले, लोक ते घोकू लागले, आणि ज्या रचनेने विचाराला वळण द्यायचे तीच विचाराला पर्याय होऊन बसली. ती परीक्षापद्धती 1905 मध्ये बंद झाली. जीआरईच्या निबंधाचे सर्व विषयही आधीच प्रसिद्ध केलेले असतात, आणि त्यांची ‘आदर्श उत्तरे’ घोकणाऱ्यांची आजही कमतरता नाही. ती यादी मला फार उपयोगाची वाटते, पण वेगळ्या कारणासाठी: रोज एक विधान घ्यावे, दहा मिनिटांत त्याची सीमा शोधावी, भूमिका दोन वाक्यांत लिहावी आणि निबंध लिहूच नये. वीस पूर्ण निबंध लिहिण्यापेक्षा अशा नुसत्या भूमिका लिहिण्याने मन अधिक लवकर तयार होते, असा माझा अनुभव आहे.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यावर आणखी एक ओझे असते, आणि ते ओझे खरे आहे. शब्द शोधण्यात विचाराचा धागा तुटतो, मग हाताशी असलेल्या तयार वाक्यांचा आधार घ्यावासा वाटतो. अशा वेळी पहिली सहा मिनिटे आपल्या भाषेतच विचार करावा, कच्च्या कागदावर मुद्दे आपल्याच भाषेत टिपावेत आणि मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहावे, असे मी आग्रहाने सांगते. साधे वाक्य लिहिताना आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे ठाऊक असावे लागते. भारदस्त वाक्याच्या आड मात्र अर्धवट विचारही लपून राहतो. आयईएल्‌टीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतील दुसऱ्या निबंधालाही, जो चाळीस मिनिटांत किमान 250 शब्दांचा लिहायचा असतो, हे तितकेच लागू पडते.

आता माझ्या म्हणण्याची सीमा. सावकाश विचार करणारी माणसे असतात. ती प्रश्न घेऊन घरी जातात, दोन दिवस गप्प असतात आणि तिसऱ्या दिवशी असे काही बोलतात की बाकीच्यांनी तोवर केलेली सगळी चर्चा फिकी पडते. तीस मिनिटांचा निबंध अशा माणसांना न्याय देत नाही, आणि कितीही सराव केला तरी पूर्णपणे देऊ शकणार नाही. फ्रान्समध्ये शालान्त परीक्षेतील तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिकेसाठी चार तास दिले जातात. एवढ्या वेळात माणूस एकदा चुकीच्या वाटेने जाऊन परतही येऊ शकतो. तीस मिनिटांत परतीला वेळ नसतो. त्यामुळे या निबंधाच्या गुणांवरून एखाद्याची संशोधनाची किंवा दीर्घ लेखनाची कुवत ठरवणे मला चुकीचे वाटते. एका मर्यादित कौशल्याची ती परीक्षा आहे: अपुऱ्या वेळात, अपुऱ्या माहितीवर, जबाबदारीने बोलणे. बैठकीत, सभेत, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर, वर्गात विद्यार्थ्याने अनपेक्षित प्रश्न विचारल्यावर आपल्याला बहुतेक वेळा याच स्थितीत बोलावे लागते. त्या चॅलेंजरच्या अभियंत्यांनाही एका रात्रीत, अपुऱ्या आकडेवारीवर, बोलावे लागले होते.

म्हणूनच अलीकडचे बदल पाहून मला वाईट वाटते. 2023 मध्ये जीआरईतून दुसरा निबंध वगळला गेला, ज्यात दिलेल्या युक्तिवादामागची न बोललेली गृहीतके शोधायची असत. त्याच वर्षी आलेल्या, व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीच्या नव्या जीमॅट परीक्षेत निबंध राहिलाच नाही, आणि टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतल्या तीस मिनिटांच्या मतप्रदर्शक निबंधाची जागा दहा मिनिटांच्या छोट्या लेखनाने घेतली. परीक्षा आटोपशीर झाल्या हे सोयीचे असेल. पण गृहीतक शोधण्याचा तो निबंध शिकवण्याच्या दृष्टीने दोहोंत अधिक चांगला होता, आणि सराव करणाऱ्यांना मी तो अजूनही लिहायला लावते.

वेळेचे गणित मी फार ताणत नाही. सहा मिनिटे विचार, वीस मिनिटे लेखन, चार मिनिटे पुनर्वाचन, एवढे पुरते. त्या शेवटच्या चार मिनिटांत भाषा घासत बसण्याऐवजी पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा, कारण लिहिता लिहिता भूमिका थोडी सरकलेली असते आणि सुरुवातीला लिहिलेले वाक्य शेवटच्या परिच्छेदाशी जुळत नसते. ते एक वाक्य दुरुस्त केले की सगळा निबंध सरळ होतो.

आणि सरावाचा निबंध लिहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, घड्याळ न लावता, त्यातला फक्त प्रतिपक्षाचा परिच्छेद पुन्हा लिहावा, असे मी सुचवते. विरोधी मत असणाऱ्या व्यक्तीने तो वाचला तर ‘हो, माझे म्हणणे हेच आहे’ असे तिला वाटले पाहिजे, ही एकच अट. एका विद्यार्थिनीने शालेय अभ्यासक्रम सर्वत्र एकसारखा असावा या विधानावर असा परिच्छेद लिहिला. तिचा मूळ निबंध एकसारखेपणाच्या बाजूने होता आणि विरोधकांचा मुद्दा तिने दोन ओळींत झटकला होता. दुसऱ्या दिवशी तिने लिहिले की एकसारखा अभ्यासक्रम ठरवणारी समिती स्वतः ज्या प्रकारचे जीवन जगते तेच तिला ‘सर्वसामान्य’ वाटण्याची शक्यता असते, आणि मग दूरच्या मुलाला पुस्तकात आपले जग कधीच भेटत नाही. हे लिहून झाल्यावर तिने मला विचारले की आता मूळ निबंधाचे काय करायचे, कारण तिला तो आधीसारखा पटत नव्हता. तो पुन्हा लिही, असे मी तिला सांगितले. तिने गणित आणि विज्ञानापुरता एकसारखेपणाचा आग्रह कायम ठेवला, इतिहास आणि साहित्यापुरता सोडून दिला, आणि ती रेघ तिथेच का ओढली याची कारणे द्यायला तिला दीड पान लागले.